मी उपहार घेत नाही

हसू नका असं मी म्हणणार नाही, तुम्ही हसालच. फक्त आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाचा अख्खा चहा माझ्या शर्टावर आला होता.

तर मी जगताप. मूळचा साताऱ्याचा, नोकरी केंद्र सरकारची. गेल्या वर्षी बदली झाली आणि पुण्याहून थेट दिल्लीला, द्वारकेत येऊन पडलो. द्वारका म्हटल्यावर आमच्या आत्याने हातच जोडले! म्हणाली, "पुण्यवान रे बाबा तू." तिला सांगितलं, आत्या, ही द्वारका वेगळी. इथे समुद्र नाही, मंदिर नाही, नुसत्या सोसायट्या आहेत आणि डोक्यावरून सारखी विमानं जातात.

मला दिल्ली आवडली. वैशालीला, म्हणजे आमच्या सौंना, तर फारच आवडली. प्रश्न होता सईचा. सई आमची मुलगी, नववीतली. पुण्यात तिचं मैत्रिणींचं हे एवढं टोळकं, आणि इथे एक म्हणजे एक मैत्रीण नाही. शाळेतून यायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची.

"काय गं, कशी झाली शाळा?"

"ठीक."

"जेवतेस का?"

"ठीक."

अहो, जेवतेस का या प्रश्नाचं उत्तर 'ठीक' असतं का? हिंदीत तर पोरगी तोंडच उघडायची नाही. जिची बडबड थांबवायला मी पुण्यात हात जोडायचो, ती इथे येऊन मुकी झाली, आणि तीही माझ्या बदलीपायी. फार जीव तुटायचा हो माझा.

आणि एके दिवशी ती आपणहून बोलली!

"बाबा, एक नवीन गेम येतोय. पुण्यात सगळ्याजणी घेतायत. ऑनलाइन एकत्र खेळता येतो. मी इथून, त्या तिथून."

"घेऊ की!"

"आणि प्री-ऑर्डर केली ना, तर त्याच्यावर कन्सोल फ्री आहे. क्लाउड कन्सोल."

"क्लाउड म्हणजे?"

"म्हणजे गेम आपल्याकडे चालत नाही. तो तिकडे क्लाउडमध्ये चालतो. आपण फक्त खेळायचं."

"ढगात? अगं, पण दिल्लीत ढग कुठेत? इथे नुसता धूर असतो!"

ती हसली नाही. पण समजावून मात्र सांगितलं तिने. साबणाच्या वडीएवढी एक डबी असते, ती टीव्हीला लावायची. सगळी मेहनत कुठल्यातरी लांबच्या गावातली मोठाली यंत्रं करतात आणि आपल्याला घरबसल्या चित्र दिसतं. मी तोंडात बोटच घातलं. केवढी अक्कल म्हणायची माणसाची! आणि त्याहून कौतुक माझ्या पोरीचं, की हे सगळं तिला समजतं. त्या क्षणी तिने हत्ती मागितला असता तर मी तोही प्री-ऑर्डर केला असता.

आता मधेच माझ्या हिंदीबद्दल सांगायला हवं. शाळेत हिंदी निबंधात पहिला नंबर माझा. कधी सोडला नाही! दिल्लीत आल्यावर माझ्या लक्षात आलं, की इथले लोक हिंदी बोलतच नाहीत. अर्धं इंग्रजी, वर थोडं 'यार', की झालं वाक्य. मी मनाशी ठरवलं, आपण तरी शुद्ध बोलायचं. खाज, दुसरं काय!

तर आम्ही गेलो मार्केटात. गेम्सचं दुकान, मालक भाटियाजी. काउंटरवर हात टेकवून मी म्हणालो, "महोदय, मुझे मेघ-आधारित क्रीड़ा का पूर्व-आरक्षण करवाना है।"

सई आधी मागे सरकली. मग दाराबाहेर गेली. मग शेजारच्या मोबाइल कव्हरच्या दुकानात जाऊन आमचा काही संबंध नसल्यासारखी उभी राहिली.

पण भाटियाजी! त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. नंतर कळलं, की हा माणूस वर्षानुवर्षं रामलीलेत दशरथ करतोय. दिवसभर गिऱ्हाईक येणार आणि 'ब्रो, प्री-बुक कर दो' म्हणणार. दशरथाला ब्रो! जीव किती कोंडला असेल, सांगा.

"श्रीमान, इतनी शुद्ध हिंदी! आप कहाँ से पधारे हैं?"

"महाराष्ट्र से। केंद्र सरकार की सेवा में हूँ।"

"धन्य हैं!"

मग काय विचारता! मी एक संस्कृत शब्द टाकायचा, त्यांनी दोन. पैसे भरून निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. एका गेमच्या गिऱ्हाइकाला एवढा मान फक्त दिल्लीतच मिळतो, हे मी छातीठोकपणे सांगतो.

गेम यायच्या दिवशी मी ऑफिसात डबा खात होतो. भाटियाजींचा फोन.

"श्रीमान, आपका खेल आ गया है। संध्या को सपरिवार पधारिए। आपके लिए उपहार भी तैयार रखा है।"

उपहार! बघा, याला म्हणतात माणुसकी. आमच्याकडे दुकानदार 'काय पाहिजे?' असं विचारतो तेच मुळी 'कशाला आलात?' अशा सुरात. आणि इथे वस्तू न्यायला बोलावतात, वर उपहाराची सोय! डोळ्यांसमोर समोसे आले. जिलबी आली. पण मेलं माझं नशीब! आदल्याच आठवड्यात ऑफिसच्या एका ठेकेदाराकडे ब्रेड पकोडे हाणले होते आणि पोटाने असा बदला घेतला होता, की बाहेरचं खाणं बंद.

"अरे नहीं नहीं भाटियाजी! मैं उपहार नहीं लेता।"



"नहीं लेते?"

"बाहर का तो बिल्कुल नहीं। पत्नी ने कड़ाई से मना कर रखा है।"

"देवी हैं, साक्षात देवी!"

मला जरा नवल वाटलं. पण बायकोचं कौतुक कोणी आपणहून करत असेल तर मी कशाला अडवू?

"अब आपसे क्या छुपाना," मी म्हणालो, "पिछले सप्ताह एक ठेकेदार के यहाँ थोड़ा-सा ले लिया था। बहुत आग्रह किया उसने। फिर रात भर नींद नहीं आई।"

"अंतरात्मा, श्रीमान, अंतरात्मा!" भाटियाजींचा आवाज कापत होता.

मी म्हटलं, दशरथाची भाषा! पोटाला अंतरात्मा म्हणतोय. आणि त्यात चूक काय? भरपेट जेवल्यावर आपणही म्हणतोच की, आत्मा तृप्त झाला.

"जी हाँ, वहीं। बड़ी जलन हुई।"

"पर आपके नाम का जो उपहार रखा है, उसका क्या करूँ?"

"किसी बच्चे को दे दीजिए। खुश हो जाएगा।"

"आपका नाम बता दूँ उसे?"

"अजी, नाम क्या बताना! इतनी-सी तो चीज़ है।"

पलीकडून चक्क हुंदका आला आणि फोन बंद झाला. मी डब्यातली शेवटची पोळी खाल्ली. मनात म्हटलं, दिल्लीची माणसं खाण्याच्या बाबतीत किती हळवी असतात!

संध्याकाळी आम्ही तिघं दुकानात. सईने केस धुतले होते, नवा टॉप घातला होता, आणि रस्त्याने दोनदा माझ्याशी आपणहून बोलली होती. मी खूश. दुकानात फुगे लावलेले, ही गर्दी! मी आत पाऊल टाकलं मात्र, भाटियाजींनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि स्वतः स्टुलावर चढले.

"सज्जनो! जिस युग में लोग फ़ाइल के नीचे लिफ़ाफ़ा सरकाते हैं, उस युग में एक सरकारी कर्मचारी मुझसे कहता है, भाटियाजी, मैं उपहार नहीं लेता!"

टाळ्या! शिट्ट्या! मी हात जोडले. समोसा नाकारल्याबद्दल एवढं? वैशालीने कोपराने ढोसलं, "अहो, काय नाकारलंत तुम्ही?"

"काही नाही गं, खाणं."

आता 'मैं खाता नहीं' याचाही दिल्लीत भलताच अर्थ होतो. पण ते जाऊ द्या, आधीच्या घोळातून तर बाहेर येऊ.

"और इन्हीं की इच्छा से," भाटियाजी गरजले, "इनका वह उपहार, वह कंसोल, इस बच्ची को सौंपा गया है! रोज़ आती है, डेमो पर खेलती है, और चुपचाप घर चली जाती है।"

सईच्याच वयाची एक उंच मुलगी पुढे आली. हातात कडं, पायात धुळीचे बूट, आणि छातीशी घट्ट धरलेला एक खोका.

सई माझ्या कानाशी आली. "बाबा, माझा कन्सोल तिच्याकडे का आहे?"

"तुझा कुठला? तो उपहार आहे गं, तिला..."

"बाबा. हिंदीत उपहार म्हणजे गिफ्ट."

"आणि समोसे?"

"कुठले समोसे?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. अहो, मला कसं माहीत असणार? इथे शेंबडं पोरसुद्धा 'गिफ्ट' म्हणतं! आणि आपल्याकडे उपहारगृहात काय मिळतं? मिसळ! अल्पोपहार म्हणजे पोहे आणि चहा! निबंधात पहिला येणारा मी, माझ्या पोरीचा कन्सोल पोटदुखीचं कारण सांगून दान करून बसलो होतो.

"मी तुला दुसरा विकत घेतो," मी कुजबुजलो.

"तो विकत मिळत नाही बाबा. प्री-ऑर्डरवरच होता. आणि त्याच्याशिवाय हा गेम चालत नाही."

तिचे डोळे भरून आले होते. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला, पण तिने नुसतं खाली बघितलं. माझ्या हातात भाटियाजींनी मघाशी ठेवलेलं गेमचं कार्ड, म्हणजे कुलपाशिवायची किल्ली. आणि गळ्यात हार! परत माग म्हणता? समोर ती मुलगी खोक्याला कवटाळून उभी, लोक माझे फोटो काढतायत, दशरथ रडतायत. कोणत्या तोंडाने मागू?

तेवढ्यात ती मुलगीच आमच्याकडे आली.

"थैंक्यू अंकल! मैं गुरलीन। पर अंकल, एक प्रॉब्लम है। डब्बा तो मिल गया, गेम तो मेरे पास है ही नहीं!" मग सईकडे वळून म्हणाली, "तेरे पास है?"

सईने कार्डाकडे बोट दाखवलं.

"ओए! तो मेरे पास डब्बा, तेरे पास गेम! चल यार, तेरे घर चलते हैं। टावर कौन-सा है तेरा?"

मानलं! खरंच सांगतो, दिल्लीच्या या बेधडकपणाला मी तिथल्या तिथे मनातून सलाम ठोकला. ओळख नाही, पाळख नाही, 'येऊ का' नाही. आपल्याकडे आधी फोन, मग निरोप, मग 'या कधीतरी', आणि तोवर गेम जुना झाला असता.

सईने माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं.  आणि मग आमची मुकी पोर हिंदीत बोलली हो!

"सी टावर। पर पहले मैं खेलूँगी।"

"चल झूठी, टॉस करेंगे!"

निघाल्या दोघी. आम्ही मागे, मी हार घातलेला. घरी पोचेपर्यंत डबी टीव्हीला लागली होती. लांबच्या गावातली ती यंत्रं कामाला लागली, पडद्यावर किल्ला उभा राहिला, पुण्याच्या मैत्रिणी कानात किंचाळायला लागल्या आणि गुरलीन त्यांना 'ओए' म्हणायला शिकवायला लागली. आणि सई? ती सगळ्यांना बाबांच्या उपहाराची गोष्ट सांगत होती. मराठीत एकदा, हिंदीत एकदा. पोट धरधरून हसत होती. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. पोरगी माझ्यावर हसत होती आणि मला वाटत होतं, हस बाई, अजून हस. एवढ्यासाठी मी आणखी दहा कन्सोल दान केले असते.

इथे संपलं असतं, तर मी किस्सा माझ्या बाजूने जिंकला असता. पण नाही!

पुढच्या रविवारी दार वाजलं. दारात गुरलीनचे वडील. सहा फुटी सरदारजी, चेहऱ्यावर हसू, हातात मोठी पिशवी, आणि पिशवीतून असा वास, की मी तिथेच विरघळलो. गरम अमृतसरी कुलचे! छोले! माझं पोट तोवर ठणठणीत झालेलं, आणि वैशाली भाजी आणायला बाहेर गेलेली. योग बघा!

"साहब," ते नम्रपणे म्हणाले, "आपने हमारी बच्ची के लिए इतना किया। घर का बना है, छोटा-सा उपहार है।"

आता मी शहाणा झालो होतो की नाही? या शब्दाला पुन्हा फसतोय का? मी दोन्ही हात पुढे केले.

"पापा!" आतून खेळता खेळता गुरलीन ओरडली. "अंकल उपहार नहीं लेते!"

सरदारजींनी कपाळावर हात मारला. "ओहो! माफ़ करना साहब, मैं तो आपका नियम तुड़वाने चला था!"

"नहीं नहीं सरदारजी, ये वाला तो..."

"बिल्कुल नहीं लेते, अंकल," सई सोफ्यावरून म्हणाली. खणखणीत दिल्लीची हिंदी, चेहरा गंभीर. "पूरी मार्केट जानती है।"

त्यांनी मला वाकून नमस्कार केला. हिंदीतला उपहार आणि मराठीतला उपहार आयुष्यात पहिल्यांदाच एका पिशवीत घालून कोणी माझ्या दाराशी आणला होता, आणि ती पिशवी आता लिफ्टने खाली चालली होती. आत दोघी पोरी हसून हसून लोळत होत्या.

मी दारात हात जोडून उभा. दुसरं काय करणार? प्रामाणिक माणूस पडलो ना!