मुग्धाची अँटीबॉडी

लॅबमध्ये काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, ही शोध लावत असणार. कसले शोध? डोक्याला ताप नुसता! रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजातल्या एका अँटीबॉडीनेच इतके किस्से दिलेत की सांगता सांगता चहा गार होतो.

मुग्धाची पीएचडी माणसाच्या पेशीतल्या एका प्रोटीनवर. आरएनएला चिकटून बसणारं प्रोटीन. अँटीबॉडीने ते शोधलं, तर फोटोत एक काळी पट्टी उमटते. पट्टी नाही तर थीसिस नाही. आणि मुदतीला उरलेले दोन महिने!

*

अँटीबॉडीची कुपी मुंबईहून बर्फात निघाली. चार दिवसांनी खोका आला, तो उघडायच्या आधीच बांगड्याचा वास! कुरियरवाला खूश.

"मॅडम, तुमचा बर्फ वितळलेला. जेटीवरून ताजा भरून आणलाय!"

*

पट्टी उमटवायचा कागद आधी दुधाच्या पावडरीत भिजवावा लागतो. ऐन वेळी डबा रिकामा! तेवढ्यात आमचे गाईड सर पाहुण्यांना पोचवून आले.

"मुग्धा, तुझ्या पावडरचा चहा फर्स्टक्लास झाला हो!"

*

पहिल्या खेपेला प्रोटीन एक, पट्ट्या अकरा. कंपनीला फोटो पाठवला. उत्तर आलं, "सॅम्पल बदलून बघा." दुसऱ्या खेपेला एकही पट्टी नाही. "सॅम्पल बदलून बघा." वैतागून मी त्यांच्याच माहितीपत्रकातला फोटो कापून पाठवला.

"सॅम्पल बदलून बघा!"

*

एकदा भर दुपारी लाईट गेली. मुग्धा कुपी घेऊन स्कूटीवरून आईस्क्रीमच्या दुकानात धावली. मालक भला माणूस, फ्रीझर उघडून दिला. सहज म्हणाला, "शाकाहारी आहे ना?"

आमची मुग्धा कसली खोटं बोलतेय! "नाही हो, सशाच्या रक्तातली आहे."

*

सहाव्या खेपेला पट्टी आली. एकच, हवी तिथेच! मुग्धा रडायलाच लागली. सरांनी चष्मा वर केला. "छान. आता आणखी दोनदा असंच दाखव."

"सर, कुपी संपली. नवी परदेशातून मागवायची, यायला तीन महिने लागतील."

"मग मी काय करू? तीनदा म्हणजे तीनदा."

मला असा संताप आला! कागद बुडवून वापरलेलं अँटीबॉडीचं पाणी पुन्हा चालतं म्हणतात, पण सरांना ते खपत नाही. दर वेळी सिंकमध्ये ओतायचं, आणि ते काम आमचे शिपाई बापूकाका यांचं.

काका कोपऱ्यात ऐकत होते. उठले, फ्रीझरच्या तळातून लोणच्याची एक बरणी काढली आणि मुग्धापुढे ठेवली. "ओतायला जीव झाला नाय गो माझा."

बरणीवर पेनाने लिहिलेलं होतं, "मुग्धा. वापरलेलं. पण बरं आहे."