थंडीत उमटणारे ठिपके

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरहून बंगळूरला पीएच.डी. करायला आले. प्रयोगशाळेत माझ्याशी मराठीत बोलणारी एकच होती. तिचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड शब्द सहज मिसळायचे. काही वर्षं कॉलेजात शिकवून ती पुन्हा संशोधनाकडे वळली होती. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले.

तेव्हा जिकडेतिकडे तांब्याच्या ऑक्साइडपासून बनलेल्या अतिसंवाहकांची, म्हणजे थंड केल्यावर विजेला जराही रोध न करणाऱ्या पदार्थांची, चर्चा. आमच्या वाट्याला त्यांचं निकेलचं भावंड आलं होतं. स्फटिकाची रचना तीच, थरावर थर. पण कितीही थंड करा, विजेला होणारा रोध काही जात नाही. का जात नाही, हेच आम्हाला बघायचं होतं.

द्रव नायट्रोजननं थंड केलेल्या नमुन्याची फिल्म इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर घेतली, तेव्हा अक्काला स्फटिकाच्या ठळक ठिपक्यांच्या मधे काही पुसट ठिपके दिसले. अणूंच्या नेहमीच्या मांडणीतून ते येणं शक्य नव्हतं.

आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "भेसळ असेल. नमुना पुन्हा बनवा."

पुन्हा बनवला. ठिपके होतेच.

"भेसळ गरम केल्यावर कुठं जाणार गं?" अक्का म्हणाली. "स्वल्प थांब, नमुना कोमट होऊ दे."

नायट्रोजन उकळायला लागला की चित्र थरथरायचं. ते स्थिरावेपर्यंत श्वास रोखून बसायचं. नमुना खोलीच्या तापमानाला आला आणि ठिपके नाहीसे झाले. थंड केला, परत आले. म्हणजे थरातले विद्युतभार मोकळे फिरत नव्हते. थंडीत ते ठरावीक अंतरावर ओळी धरून उभे राहत होते आणि ऊब मिळताच पांगत होते. सरांनी फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "लिहायला घ्या."

आम्ही लिहीत असतानाच ग्रंथालयात परदेशी नियतकालिकाचा नवा अंक आला. त्यात तेच ठिपके, तोच अर्थ. अक्काला कसं सांगावं कळेना. शेवटी अंकच तिच्यापुढे ठेवला.

तिनं आमची फिल्म त्या चित्राशेजारी धरली. "अगदी हेच गं! त्यांनाही दिसलं!" ती चक्क हसत होती.

"अक्का, आपलं काम गेलं."

"सरी, बरं, पहिलेपणा गेला. ठिपके तर खरे निघाले ना? भेसळ नव्हती."

मला तिचा रागच आला. माझ्या मनात फक्त हुकलेला मान होता. तिला मात्र दूरच्या कुणा अनोळखी माणसानं तीच गोष्ट पाहिल्याचं समाधान होतं. ते समजायला मला बरीच वर्षं लागली.

ऊब वाढताना ठिपके कसे विरत जातात, हे त्या लेखात नव्हतं. तेवढ्यावर आमचा छोटा लेख छापून आला, अक्काचं नाव पहिलं. पुढे ती कॉलेजात परतली.

अंक आला त्या संध्याकाळी तिचा नवरा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधून तिला न्यायला आला होता. फाटकापाशी ती हातवारे करून त्याला कन्नडमध्ये सगळं समजावत होती. तो स्कूटर बंद करून, हेल्मेट न काढता, मन लावून ऐकत होता.