हिल्का जागा शोधते

हिल्का बोलेन एकोणसत्तर वर्षांची आहे. उत्तर जर्मनीतल्या एम्स नदीकाठच्या आमच्या गावात तिने चौतीस वर्षं टपाल वाटलं. आधी सायकलवरून, मग पिवळ्या गाडीतून. कुणाचा कुत्रा चावतो, कुठल्या घराच्या अंगणात गाडी वळवता येत नाही, कोण सकाळी उशिरा उठतं, हे तिला अजून पाठ आहे. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

तिचा नवरा एनो गोदीत सुतार होता. त्यांच्या व्हॅनच्या आतलं सगळं त्याने स्वतः केलंय. पलंग, कपाटं, चहाच्या कपांसाठी भोकं पाडलेली फळी. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, शब्द सावरले नाहीत. ‘हो’, ‘नको’, ‘चहा’ आणि ‘हिल्का’, एवढेच उरले. अंधार पडला की अनोळखी आवाजांची त्याला भीती वाटते. आणि आडवा झाल्यावर कुणी इंजिन चालू केलं तर तो उठून बसतो आणि मग त्या रात्री परत झोपत नाही.

तरी हिल्का त्याला घेऊन निघते. घरात तो खिडकीपाशी बसून राहतो. व्हॅनमध्ये तो माणसात असतो.

या सप्टेंबरात तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. लांबवर गाडी चालवायची नव्हती. मी दोन घरं सोडून राहते. साहित्यात पदवी घेतली होती आणि नोकरी नव्हती. हिल्का दारात आली आणि म्हणाली, “तालेआ, तुला गाडी चालवता येते. तू मोकळीच आहेस. चल.”

हिल्काच्या मुलीची, वीबकेची, एक अट होती. ती इस्पितळात नर्स आहे, झोप न मिळालेल्या म्हाताऱ्यांचं काय होतं ते रोज बघते. बाबा लागोपाठ दोन रात्री झोपला नाही, तर ती रेल्वेने येणार, व्हॅन घरी आणणार आणि विकून टाकणार. ती बोलते ते करते. हिल्काने अट मान्य केली. न करून सांगते कुणाला?

मग प्रवासात मी तिला रात्रीच्या मुक्कामाची जागा शोधताना पाहिलं.

चारच्या आत थांबायचं, हा तिचा पहिला नियम. उजेडात जागा दिसते, अंधारात फक्त सापडते, असं ती म्हणते. व्हॅन गावाबाहेर, शक्यतो दफनभूमीपाशी उभी करायची. तिथे नळ असतो, सावली असते आणि शेजारी तक्रार करत नाहीत. मग एकटीने पायी गावात जायचं. ती खिडक्या बघते. स्वयंपाकघराच्या चालतात, झोपायच्या खोलीच्या नाहीत. रिकाम्या बाटल्या टाकायची टाकी कुठे आहे ते बघते, कारण सकाळी सातला कुणीतरी पिशवीभर बाटल्या घेऊन येतंच. जमिनीचा उतार ती डबक्यांवरून ओळखते. पाणी पसरून उभं असेल तर जमीन सपाट.

शेवटी ती कुत्रं फिरवणाऱ्या माणसाला गाठते. “आम्ही इथे राहू का?” असं ती कधीच विचारत नाही. त्याला लोक ‘नाही’ म्हणतात. ती विचारते, “आम्ही कुठे थांबलो तर तुम्हाला सगळ्यात कमी त्रास होईल?”

पहिल्या दिवशी बेल्जियममध्ये फिर्मां नावाच्या आजोबांना तिने हे विचारलं. आजोबा विचारात पडले. त्यांनीच तीन जागा सुचवल्या आणि तिन्ही त्यांनीच बाद केल्या. तिसऱ्या जागेजवळ त्यांची मेहुणी राहते, ती फार बोलते म्हणाले. मग शाळेच्या भिंतीमागे घेऊन गेले. संध्याकाळी आम्ही नीट आहोत ना ते बघायला आले आणि आमच्याकडे तीन कप चहा प्यायले. आमच्याकडे कपात खडीसाखर, त्यावर चहा, त्यावर साय, आणि ढवळायचं नाही. आजोबांनी तिन्ही कप ढवळले. हिल्का दुसरीकडे बघत राहिली.

त्या रात्री एनो झोपला. पुढच्या दोन रात्रीही.

चौथ्या दिवशी मी हट्ट केला. माझ्या फोनवर एका तळ्याकाठची जागा होती. दोनशेच्या वर लोकांनी तिची वाहवा केली होती.

“एवढ्या लोकांना आवडली म्हणजे एवढे लोक तिथे असणार,” हिल्का म्हणाली.

“पण समोर तळं आहे.”

“झोपताना तू डोळे मिटतेस ना?”

पण तीन दिवस मी गाडी चालवत होते. तिने माझं ऐकलं. तिथे सतरा व्हॅन होत्या. कुणाचा जनरेटर चालू होता, कुणाचं सरकतं दार दर दहा मिनिटांनी आपटत होतं. एनो उजाडेपर्यंत पलंगाच्या कडेवर बसून राहिला. स्वतः केलेल्या कपाटाची कड त्याने घट्ट धरली होती. हिल्का त्याच्या शेजारी बसली.

सकाळी वीबकेचा फोन आला. हिल्काला खोटं बोलता आलं असतं. मला वाटलं, बोलेल.

“नाही झोपला,” हिल्का म्हणाली.

पलीकडून वीबके म्हणाली की उद्याही हेच ऐकू आलं तर ती दुपारची गाडी पकडेल. वेळापत्रक तिने पाहून ठेवलं होतं.

मी हिल्काची माफी मागितली. ती फडक्याने काच पुसत होती. म्हणाली, “जागा वाईट नव्हती. आपल्यासाठी बेतलेली नव्हती.”

त्या दिवशी पाऊस होता. रस्ता दोनदा वळवलेला होता. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या उत्तरेला एका गावात पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. हिल्का छत्री घेऊन उतरली. वीस मिनिटांनी परत आली. गावाने व्हॅनसाठी ठेवलेली जागा होती, पण तिच्या एका अंगाला बाटल्यांची टाकी होती आणि दुसऱ्या अंगाला पाण्याच्या पंपाची घरघर. एनोसाठी ती जागा नव्हतीच.

पण चौक होता. सपाट होता, डबकी पसरून उभी होती. लिंडेनची झाडं, एक नळ, एक वकिलाची कचेरी आणि एक बंद पडलेलं टोप्यांचं दुकान. चौकाकडे तोंड करून झोपणारं कुणीच नव्हतं. खांबावर पाटी होती. गुरुवारी पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत बाजार, गाड्या उभ्या करायला मनाई.

हिल्काने पाटी दोनदा वाचली. “आज मंगळवार ना?”

“मंगळवार,” मी म्हणाले.

फोन माझ्या खिशात होता. मी बघितला नाही. बाहेर पडून चार दिवस झाले की वारांची नावं गळून पडतात. कुठे पाव घेतला, कुठे पाणी भरलं, एवढंच लक्षात राहतं. एनोला विचारलं असतं तर तो ‘हो’ म्हणाला असता.

तो नऊला झोपला. शांत. हिल्का कितीतरी वेळ त्याचा श्वास ऐकत बसली होती.

पाचला थोडा वेळ असताना पडद्यावर दिव्यांचा उजेड पडला. मी उठेपर्यंत हिल्का बाहेर होती. झोपायच्या गाऊनवर कोट चढवून. कुणी दारावर थाप मारायच्या आत तिला पोचायचं होतं. मी मागून गेले.

मासेवाल्याचा ट्रक आमच्या पुढ्यात उभा होता. त्याच्यामागे चीज विकणारी, तिच्यामागे भाज्या. पिवळ्या जाकिटातल्या एक बाई हातात बाजाराची यादी घेऊन आल्या. मादाम तेसिए. कुणी कुठे दुकान लावायचं ते त्या ठरवत. त्यांनी विचारलं, पाटी वाचली नाही का?

“वाचली,” हिल्का म्हणाली. “पण आज बुधवार आहे.”

“मादाम, मी एकवीस वर्षं फक्त गुरुवारीच एवढ्या लवकर उठते.”

हिल्काने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. ती व्हॅनकडे वळली आणि थांबली. मग तिने तिच्या मोडक्या फ्रेंचमध्ये आणि दोन्ही हातांनी सांगितलं. आत नवरा झोपलाय. आजारी आहे. परवा रात्रभर जागा होता. इंजिन चालू केलं की उठेल.

“उठू दे की,” मासेवाला म्हणाला. लोइक त्याचं नाव. दार अडेल एवढा रुंद. “मीही उठलोय.”

हिल्का चिडली नाही. गयावयाही केली नाही. तिने विचारलं, “तुमची जागा कुठली?”

लोइकने बोट दाखवलं. व्हॅनच्या बरोबर खाली.

“आणि आम्ही कुठे उभे राहिलो तर तुम्हाला सगळ्यात कमी त्रास होईल?”

“जर्मनीत,” लोइक म्हणाला.

चीजवाली हसली. मादाम तेसिएही हसणार होत्या, पण त्यांनी यादीत डोकं घातलं. टोपल्या विणणारा आज येणार नव्हता, त्याचा गुडघा धरला होता. चर्चच्या भिंतीपाशी त्याची जागा रिकामी होती. तीस पावलांवर. पण इंजिन न लावता तिथे न्यायची कशी, असं त्या म्हणाल्या.

लोइकने जमिनीकडे पाहिलं, मग व्हॅनच्या चाकांकडे. मग हातमोजे काढले.

“मादाम, वार नाही कळला तुम्हाला, पण जागा सपाट शोधलीत,” तो म्हणाला. आणि मागे जाऊन उभा राहिला.

आम्ही सहा जण होतो. लोइक, चीजवाली, भाजीवाला आणि त्याची बायको, मादाम तेसिए, मी. हिल्का स्टिअरिंगवर बसली. दार लावलं नाही, आवाज झाला असता. एका हाताने धरून ठेवलं. इंजिन बंद असताना त्या व्हॅनचं स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. वळणाशी तिने दार माझ्याकडे सोपवलं आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकली. एकोणसत्तर वर्षांची बाई, गाऊन आणि कोटातली. मी दार धरून शेजारून चालत होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती रस्ता बघत होती. नव्या घरी टपाल द्यायला निघाल्यासारखी.

ओल्या दगडांवर फक्त बुटांचा आवाज येत होता. अर्ध्या वाटेत आतून घोरणं ऐकू आलं. लोइकने मान वर केली, ऐकलं, आणि आणखी जोर लावला.

भिंतीपाशी हिल्काने ब्रेकवर सगळं वजन टाकलं. व्हॅन थांबली. ती उतरली, सगळ्यांचे हात हातात घेतले आणि कुणी न सांगता लोइकच्या ट्रकमधून बर्फाच्या पेट्या उतरवायला लागली. लोइक नको म्हणाला. तिने ऐकलं नाही. तिसऱ्या पेटीनंतर तो तिला कुठली कुठे ठेवायची ते सांगू लागला.

सहापर्यंत आमच्या तिन्ही बाजूंना दुकानं लागली. आता दोनच्या आत हलता येणार नव्हतं.

मी दाराशी उभी राहिले. एवढ्या गलक्यात तो उठेल आणि घाबरेल, असं मला वाटत होतं. एनो सव्वाआठला उठला. हिल्का आत गेली. त्याने पडदा सरकवला. बाहेर एक बाई कोबी हातात घेऊन त्याचं वजन अजमावत होती. तिने एनोकडे पाहून मान लववली. एनोनेही लववली. मग तो म्हणाला, “चहा.”

वीबकेचा फोन आला तेव्हा आम्ही दुसऱ्या कपावर होतो. हिल्काने सगळं सांगितलं. वार चुकला, पाटी, मासेवाला, ढकलणं. काहीच वगळलं नाही. वीबकेचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. बाबा आत असताना? परक्या माणसांनी? मग तिने विचारलं.

“खरंच सव्वाआठपर्यंत झोपला?”

“सव्वाआठ.”

“आणि तू?”

“माझं काय. मी ठीक आहे.”

“आई, तू झोपलीस का?”

हिल्का एनोच्या कपात चहा ओतायला लागली. तेव्हा मला कळलं की मी पाच रात्री एनोच्याच झोपेचा हिशेब ठेवत होते. हिल्का कधी झोपली, मी पाहिलंच नव्हतं.

वीबके म्हणाली, ती येत नाही. पण हिल्काने आत्ता, या क्षणी आडवं व्हायचं. नाहीतर येते.

हिल्का म्हणाली, बाजारात कोण झोपतं. ती कोट न काढता पलंगावर टेकली, पाय वर घ्यायचेत की नाही असा विचार करत. तेवढ्यात तिला झोप लागली.

एनोने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो व्हॅनमधून उतरला. दार हळूच ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. समोर एक कांदेवाला भाव ओरडत होता. मोठा आवाज होता त्याचा, चर्चवरून परत येत होता. एनो तडक त्याच्याकडे गेला. मी मागे धावले. परक्या माणसाशी तो स्वतःहून बोलायला गेल्याला दोन वर्षं झाली होती.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग व्हॅनकडे दाखवलं.

“हिल्का,” तो म्हणाला.

कांदेवाल्याने व्हॅनकडे पाहिलं. पहाटे ढकलणाऱ्यांत तो नव्हता, पण ऐकलं असावं. त्याने मान डोलावली. दोन वाजेपर्यंत तो गिऱ्हाइकांना जवळ बोलावून कानात कांद्याचा भाव सांगत होता.