तपासणीच्या दिवशीचं पाणी

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेची तपासणी असली की ती आदल्या दिवसापासून आमच्या घरात सुरू व्हायची. आई वड्यांसाठी डाळ भिजत घालायची, शेजारणीकडून पितळेचं चांगलं ताट मागून आणायची आणि आम्हा भावंडांना बजावून ठेवायची की इन्स्पेक्टरसाहेब उठेपर्यंत स्वयंपाकघराकडं यायचं नाही. साहेब जेवायचे, वड्यांची तारीफ करायचे आणि दुपारी शाळेच्या वहीत 'काम समाधानकारक' असा शेरा लिहून बैलांच्या दमणीत बसून निघून जायचे. वडील चांगले शिक्षक होते. तो शेरा त्यांना तसाही मिळाला असता. पण तो आपल्या कामाला मिळाला की वड्यांना, हे त्यांना कधीच कळलं नाही. एकदा ते आईजवळ तसं बोलून गेले, आणि मी ते ऐकलं.

पुढं मी स्वतः जिल्हा परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी झालो. गावोगावच्या शाळा तपासणं हेच काम. रुजू होण्याआधीच मी ठरवून टाकलं होतं की तपासणीच्या गावात जेवायचं नाही, चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. इतवारीच्या बाजारातून एक फिरकीचा तांब्या आणला. प्रताप नगरातल्या माझ्या खोलीवरून सकाळी सायकल निघायची तेव्हा हँडलला डबा आणि तांब्या टांगलेला असायचा. कचेरीतले लोक हसायचे. एक वयस्क सहकारी म्हणायचे, "तुम्ही शाळा तपासायले जाता का तीर्थाले?" मला त्या चेष्टेचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर ती मला आवडायची.

शाळांचा कारभार कसा चाले हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. मास्तरांचा पगार सरकारी अनुदानातून यायचा. किरकोळ खर्च परिषद आपल्या उपकरातून भागवायची. वर्गासाठी खोली मात्र बहुतेक वेळा गावानं उभी करून द्यायची आणि ठराव करून परिषदेच्या हवाली करायची. नवा वर्ग कुठं उघडायचा हे शिक्षण समिती ठरवायची, म्हणजे निवडून आलेली माणसं. आम्ही नोकर फक्त शाळेला 'अ', 'ब', 'क' अशी श्रेणी द्यायचो आणि शिफारस लिहायचो. शिफारस झाली म्हणजे वर्ग मिळाला असं नसे. समितीच्या बैठकीला गावानं यायला लागायचं. हातात ठराव, बरोबर आपल्या भागाचा सदस्य. जे गाव येत नसे त्याला वर्ग नको आहे, असा सरळ हिशेब होता.

मी सांगतोय ती गोष्ट सत्तरीच्या दशकातली आहे. कोराडीचं वीजकेंद्र नुकतं सुरू झालं होतं. माझ्या भागात दोन गावांनी पाचवीचा वर्ग मागितला होता आणि त्या वर्षी वर्ग एकच मंजूर होणार होता. एक गाव वाडीकडच्या बाजूचं, मोठं, संत्र्यांच्या बागांचं. दुसरं कोराडीच्या अलीकडचं, लहान, सगळी वस्ती बौद्धांची. या दुसऱ्या गावात चौथीपर्यंत शाळा होती. पुढं शिकायचं तर मुलांना कोळशाच्या ट्रकांचा रस्ता धरून दूर जावं लागायचं. मुलगे कसेबसे जात. मुलींना कोणी पाठवत नसे.

मी तिथं तपासणीला गेलो तो थंडीचा दिवस होता. शाळेच्या पायरीवर बारीक राख पडलेली होती. मुलं पाट्या पुसण्याआधी त्यांच्यावर फुंकर मारत. मास्तर एकटेच चार वर्ग सांभाळत होते. पाढे झाले, शुद्धलेखन झालं. मग मी चौथीच्या एका मुलीच्या हातात माझ्याजवळचं पुस्तक दिलं, तिनं कधी न पाहिलेलं, आणि मधलंच एक पान उघडून वाचायला सांगितलं. तिनं ते न अडखळता वाचलं. पान संपल्यावर मी पुस्तक परत घ्यायला हात पुढं केला, तर ती म्हणाली, "पुढचं बी वाचू का जी?"

मास्तर ओशाळून हसले. दारापाशी उभा असलेला एक माणूस मात्र हसला नाही. तो मुलीचा बाप होता. वीजकेंद्रात कोळसा उतरवायच्या कामावर होता आणि त्या दिवसाची रोजी बुडवून, धुतलेला सदरा घालून आला होता. गावाच्या शाळा समितीचा प्रमुख तोच. तपासणी झाल्यावर त्यानं मला विहाराशेजारची खोली दाखवली. वस्तीनं ती बैठकांसाठी बांधली होती; आता पाचवीसाठी द्यायचं ठरवलं होतं. आतून चुना मारलेला होता आणि समोरच्या भिंतीवर काजळी घोटून काळाभोर फळा केला होता. त्या फळ्यावर अजून एकही अक्षर उमटलेलं नव्हतं.

तो म्हणाला, पाचवी इथं झाली तर त्याची पोरगी शिकेल. नाही झाली तर तिच्या आईला तो कुठवर समजावणार? त्या रस्त्यावर मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा ट्रकखाली गेला होता. एवढंच बोलला. गयावया केली नाही.

मग विहाराच्या ओट्यावर मला बसवून त्यानं पाणी आणलं. स्टीलचा पेला, वर झाकण, खाली ताटली. मागून एक बाई चहा घेऊन येत होती. मी हात जोडले आणि म्हणालो, "मी कुठंच काही घेत नाही. माफ करा."

आणि तहान लागली होती म्हणून माझा फिरकीचा तांब्या उघडून त्यांच्यासमोर पाणी प्यालो.

"बरं साहेब," तो म्हणाला. पेला घेऊन आत गेला. चहा आणणारी बाई अर्ध्या वाटेवरून वळली. मास्तर जमिनीकडं पाहत उभे होते. सायकलवर बसताना मला वाटलं, आपल्या शिस्तीचा या लोकांवर चांगला परिणाम झाला. मी तेव्हा खरोखरच असं समजलो, म्हणून इथं लिहितो आहे.

त्या शाळेला मी 'अ' दिला. माझ्या हातून 'अ' क्वचित जाई. पाचवीसाठी जोरदार शिफारस लिहिली, खोली तयार असल्याचं नमूद केलं. बागांच्या गावाला 'ब' मिळाला होता.

बागांच्या गावचे सरपंच काही दिवसांनी कचेरीत आले. त्यांच्याकडं ठराव होता, त्यांच्या भागाचे सदस्य होते आणि संत्र्यांची एक टोपली होती. टोपली मी परत घ्यायला सांगितली. ते हसले. "साहेब, हे तर झाडाले लागते, मी काय विकत आनून राहिलो?" मी बधलो नाही, तेव्हा त्यांनी टोपली उचलून शेजारच्या टेबलावर ठेवली. शेजारच्या टेबलाला काही हरकत नव्हती. ठराव मात्र मी घेतला आणि दाखल केला, कारण तो नियमानं होता.

कोराडीकडच्या गावाचा ठराव आला नाही. कचेरीतून त्यांना रीतसर पत्र गेलं होतं, त्याचंही उत्तर नव्हतं. बैठकीचा दिवस जवळ आला तसा मी बेचैन झालो. सायकल काढून जाऊन यावं, असं मनात येई. पण एका गावाला स्वतः जाऊन आठवण करून द्यायची आणि दुसऱ्याला नाही, तर तो पक्षपात झाला असता. मी गेलो नाही.

बैठकीत माझी शिफारस वाचून झाली. सभापतींनी चष्म्यावरून हॉलभर पाहिलं आणि त्या गावाचं कोणी आलं आहे का म्हणून विचारलं. कोणी नव्हतं.

"गावालेच नाही पाहिजे तर आपन काहून द्याचं?" ते म्हणाले. त्यात आकस नव्हता. पुढचा विषय शाळांच्या कौलांच्या दुरुस्तीचा होता. वर्ग बागांच्या गावाला गेला.

मला त्या वस्तीचा राग आला होता. इतकी चांगली शाळा, तयार खोली, आणि एक कागद पाठवायचा आळस. पुढच्या थंडीत तपासणीला गेलो ते हा राग घेऊनच. मास्तर बदलून गेले होते. विहाराशेजारच्या खोलीत कोणीतरी सायकली ठेवल्या होत्या. फळा तसाच काळा होता. ती वाचणारी मुलगी मला वाटेतच दिसली होती. डोक्यावर राखेची पाटी घेऊन चालली होती. वीजकेंद्राच्या राखेतून न जळालेला कोळसा चाळून काढतात, त्या कामाला.

तिचा बाप संध्याकाळच्या पाळीला निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि जरा कडकपणेच विचारलं की ठराव का पाठवला नाही.

तो काही वेळ माझ्या सायकलीकडं, हँडलला टांगलेल्या तांब्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "साहेब, तुमी आमच्या घरचं पानी नाही घेतलं. आमी समजलो का आमची शाळा बी नाही घेत."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी घाईघाईनं सांगू लागलो. मी कोणाकडंच पीत नाही. बागांच्या गावातही प्यालो नाही, त्यांची संत्री परत केली. वडिलांची गोष्ट सांगितली, वड्यांची सांगितली. आणि तुम्हाला त्या दिवशी सांगितलंही होतं, कुठंच घेत नाही म्हणून.

"सांगतलं होतं न," तो म्हणाला. "सगळेच सांगतेत. कोनाचा उपास राह्यते, कोनाचं पोट खराब राह्यते, कोनी कुठंच घेत नाही. माह्या बापालेबी असंच सांगत जी."

त्याचा आवाज चढला नव्हता. तो मला समजावून सांगत होता, जसं एखाद्या मुलाला समजावून सांगतात. पत्र आलं तेव्हा वस्तीची बैठक झाली होती, असंही त्यानं सांगितलं. तरणे म्हणाले, जो पाणी पीत नाही तो काय लिहून देणार? आणि परिषदेच्या दारात जाऊन उभं राहायला रोजी बुडवायची, सदस्याच्या घरी चकरा मारायच्या, त्याच्या ओट्यावर पुन्हा तेच पाहायचं. त्यापेक्षा नको. त्याला स्वतःला ठराव पाठवावा असं वाटत होतं की नाही, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी त्याला सांगितलं की शाळेला मी 'अ' दिला होता, शिफारस केली होती. हे त्याला माहीत नव्हतं. आमचे अहवाल गावाला दाखवायची पद्धत नव्हती. मला वाटलं की हे सांगून मी त्याचं दुःख वाढवलं, स्वतःचं ओझं तेवढं हलकं करून घेतलं.

मग मी त्याच्याकडं पाणी मागितलं.

त्यानं घरातून पेला आणला. या वेळी झाकण नव्हतं, ताटली नव्हती. "प्या साहेब," तो म्हणाला. "आता काई हरकत नाही." आणि मी पीत असताना पाळीला उशीर होतो म्हणून निघून गेला. रिकामा पेला कुठं ठेवायचा हे मला समजेना. शेवटी उंबऱ्यावर ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी त्याच खात्यात आहे, वरच्या जागेवर. एक प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे आणि त्याचं उत्तर देताना अजून अडखळतो. आमच्या गावच्या घरी, शेतावर कामाला येणाऱ्या त्याच समाजाच्या माणसांसाठी कपबशा वेगळ्या असत, गोठ्याच्या भिंतीला कोनाड्यात. लहानपणी त्या मीच काढून द्यायचो. बागांच्या गावात पाणी नाकारताना मी सरपंचांजवळ बसून दोन वाक्यं जास्त बोललो होतो, चेष्टामस्करी केली होती, वडिलांचं नावही निघालं होतं. विहाराच्या ओट्यावर मी फक्त हात जोडले आणि तांब्या उघडला. नियम दोन्हीकडं एकच होता. पण तो पाळताना मी दोन्हीकडं सारखा नव्हतो. त्यामागं त्या कोनाड्याचा काही हात होता का, हे मला माहीत नाही. नव्हताच असं शपथेवर सांगता येत नाही.

पाचवीचा वर्ग त्या गावाला पुढं काही वर्षांनी मिळाला. या वेळी ठराव आला होता. मीच सायकलनं जाऊन, बैठक कधी आहे आणि कोणी यायला हवं ते सांगून आलो होतो. पक्षपात झाला असेल तर झाला. वर्ग उघडायच्या दिवशी सायकली काढून खोली सारवली होती. सभापती आले, भाषण झालं. गावच्या शाळा समितीच्या त्या प्रमुखानं सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं. मी पिऊन पेला त्याच्या हातात परत केला. त्याची मुलगी बायकांमध्ये मागं उभी होती; एव्हाना उंच झाली होती, हातांच्या रेषांत राख बसलेली. पाचवीत बसायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर पोरं बाहेर पळाली. मी अहवालासाठी खोलीची लांबीरुंदी मोजत होतो. ती आत आली, खडूचा एक तुकडा उचलला आणि फळ्यावर कोणीतरी लिहिलेलं सुस्वागतम् पुसून टाकून, खाली कोपऱ्यात, छोट्या अक्षरात काहीतरी लिहू लागली. दारातून बापानं हाक मारली. ती खडू ठेवून गेली.

मी जवळ जाऊन पाहिलं नाही; ते माझ्या तपासणीसाठी नव्हतं. टेप गुंडाळली आणि बाहेर आलो.