सेफ्टी आबा

"सर, डोयानं पाह्यलं का?"

आबांचा हा प्रश्न दारातूनच यायचा. कॉलनीच्या ग्रुपवर कुणी भलतंसलतं टाकलं की ते आधी मेसेज उडवायचे, मग चपला सरकवून त्या माणसाच्या घरी जायचे. तर्जनी स्वतःच्या डोळ्याखाली टेकवून विचारायचे. डोळ्यांनी पाहिलं नसेल तर टाकायचं नाही, एवढाच त्यांचा कायदा. तुमच्याही ग्रुपवर असा एक छळवादी अ‍ॅडमिन असेलच.

उभा जन्म वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलेला. खिशात काडेपेटी राहिलेल्या कामगाराला गेटवरून परत पाठवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर आम्ही सापडलो. पाठीमागे आम्ही त्यांना सेफ्टी आबा म्हणायचो.

एकदा मी केळीला इंजेक्शन मारतात असा एक व्हिडिओ टाकला. आबा हजर. घरात माझे सासरे चहा पीत बसलेले. "सर, तुमचे सासरे केयीच लावता ना? मंग त्याईच्या पोटावर पाय कायले देता?" सासरे माझ्याकडे बघतच राहिले. मी हसलो खरा, पण मनात डूख धरला.

मागच्या वर्षी पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. आमच्या ग्रुपवरून आबांनी ती उडवली. बाकीच्या ग्रुपवरून कोण उडवणार? आठवडे बाजारात, सातपुड्याकडून डिंक विकायला आलेल्या एका बाईला लोकांनी घेरलं. आबा मध्ये घुसले. तिचं मनगट धरून तिला आपल्या पाठीमागे ओढलं आणि बोट डोळ्याखाली लावून गर्दीला विचारलं, "कोन्ही डोयानं पाह्यलं?" कुणीतरी उत्तरादाखल त्यांच्या कानफटात दिली. चष्मा धुळीत पडला. तेवढ्यात पोलीस आले, म्हणून बाई वाचली.

मी रसवंतीच्या आडोशाला उभा होतो. उसाचा रस संपायचा होता.

संध्याकाळी व्हिडिओ आला, जेमतेम बारा सेकंदांचा. आबांनी बाईचा हात धरलेला, आणि थप्पड. खाली लिहिलेलं, 'बाईचा हात धरणाऱ्या म्हाताऱ्याला भर बाजारात प्रसाद.' मी तो देवपूरच्या मेहुण्याला पाठवला, सोबत हसून लोळणारे दोन चेहरे. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

आबांनी तक्रारीचं बटण दाबलं. दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, 'आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.' ते दाखवायला माझ्याकडे आले.

"सर, आमच्याकडे येक काडेपेटी सापडली तं मानूस आत जायचा नई. याईचं गेट कुठी आहे?"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही व्हते तिथी. मी पाह्यलं तुम्हाले. तुम्ही डोयानं पाह्यलं, तेवढं ग्रुपवर लिहा."

"लिहितो आबा."

नाही लिहिलं. सकाळी फिरताना ते भेटायचे, विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. चौकातले रिकामटेकडे त्यांना बघून एकमेकांचं मनगट धरायचे. पुढे त्यांनी फिरणंच सोडलं. ग्रुपवरही कुणाचं काही उडवेनात. आठ महिन्यांनी झोपेतच गेले.

त्याच दिवशी कुणीतरी ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला. 'आबांची आठवण.' काढायचा अधिकार एकट्या अ‍ॅडमिनला, आणि अ‍ॅडमिनची तिरडी बांधणं चाललेलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तर अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला आत बोलावलं. आबांचा फोन पुढे केला. "सर, येवढं काढी द्या." मी ग्रुपवरचा तो व्हिडिओ काढला. खात्री पटावी म्हणून माझा फोन उघडून दाखवला. 'अ‍ॅडमिन सेफ्टी आबा यांनी हा मेसेज डिलीट केला.' माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव तसंच टाकलेलं होतं. अक्कांनी ते वाचलं.

मग म्हणाल्या, "सर, त्याईनं खरंच त्या बाईचा हात धरला व्हता का? मी त्याईले कधी इचारलं नई. तुम्ही तिथी व्हते म्हने."

मग आठ महिने गप्प का बसलात, हा पुढचा प्रश्न मला लख्ख दिसत होता.

"मी नव्हतो अक्का तिथं."

"मंग कोन्हीच नई पाह्यलं," त्या म्हणाल्या, आणि आबांचा फोन त्यांनी बंद करून ठेवला.