डबा पळसाखाली होता

भूत, हडळ, चकवा... यांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि या सदरातले अनुभव वाचून तो बसेल असंही वाटत नाही. सगळ्यांच्या हडळी नेमक्या आजोळीच कशा राहतात, देव जाणे! मी नांदुऱ्याला कॉलेजात भूगोल शिकवतो. चकवा लागला म्हणून एकाच वावरात गोल गोल फिरणाऱ्यांना मी तोंडावर सांगतो — दिशा कळत नाहीत म्हणा, भुताला कशाला बदनाम करता?

बीटी कपाशीच्या भराचे दिवस होते. मला जिओकॅशिंगचं वेड लागलं होतं. म्हणजे एकाने कुठेतरी डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे, आणि दुसऱ्याने हातातला जीपीएस घेऊन तो शोधायचा. आमच्या भागात दुसरा कुणी नव्हताच, त्यामुळे लपवणारा मी आणि शोधणाराही मी. जीपीएस घ्यायचा होता. मोबाईलचं दुकान चालवणारा माझा मित्र सलीमभाई दोन यंत्रं घेऊन आला, एक महागाचं, एक जुनं, स्वस्तातलं. म्हणाला, "सर, दोन्ही चालवून पाहा. पसंत येईन ते ठेवा."

चाचणीसाठी आम्ही संग्रामपूरजवळ माझ्या मोठ्या भावाच्या वावरात गेलो. दादा भर उन्हात फवारत होता. तोंडाला साधा रुमालही नाही! बीटीला फवारणी कमी लागते म्हणे... आणि इथे अळीपायी माणसं फवारून फवारून बेजार. मी ओरडलो तर म्हणतो, "मले काही होत नाही बे. पंपाले लिंबू बांधेल हाये." अशा माणसाशी काय बोलायचं?

बांधावरच्या पळसाखाली डबा ठेवला, दोन्ही यंत्रांत ती जागा नोंदवली आणि आम्ही पार रस्त्यापर्यंत गेलो. परतताना महागाचं सलीमभाईकडे, स्वस्तातलं माझ्याकडे. त्याचा बाण सरळ पळसाकडे. माझा बाण मात्र कपाशीत, पार मधोमध!

सलीमभाई हसायला लागला. "काऊन सर, डबा त इकडं हाये. तुमी तिकडं काऊन जाऊन राह्यले? चकवा लागला का?"

मला संताप आला. हा भंगार माल किती चुकतो तेच बघायचं आणि मग तो सलीमभाईच्या तोंडावर मारायचा, म्हणून मी मुद्दाम बाणामागे निघालो. छातीएवढी कपाशी, आत शिरलं की पुढचं दिसत नाही. पंपाचा आवाज बंद होता. दादा जेवायला गेला असेल, असं वाटलं.

जीपीएस 'पोहोचलात' म्हणून वाजला आणि माझा पाय पंपाला लागला.

पंप दादाच्या पाठीवरच होता. दादा पालथा पडलेला, तोंडातून फेस. सलीमभाईला हाक मारली तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दादाचे औषधाने भिजलेले कपडे काढले, पिण्याच्या कॅनमधलं पाणी अंगावर ओतलं, आणि सलीमभाईच्या गाडीत घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्या कपाशीत हा दिसला कसा?" सलीमभाईने माझ्याकडे बघितलं. मी जीपीएस खिशात टाकला.

दादा वाचला. आणि श्रेय कुणाला? लिंबाला! मी कपाळावर हात मारून घेतला.

आता इथले विद्वान लिहितील — सिग्नल, सॅटेलाइट, सेटिंग. अहो, ते मी वर्गात शिकवतो! सिग्नल चुकतो, कबूल. पण चुकून नेमका माणसावर? नंतर सलीमभाईने यंत्रात नोंदवलेली जागा तपासली. ती पळसाचीच होती. पुन्हा त्याच रस्त्यावरून चालून पाहिलं, बाण सरळ डब्यावर. त्या दिवसानंतर ते यंत्र एकदाही चुकलेलं नाही. का, ते मला सांगता येत नाही.

मी ते स्वस्तातलंच घेतलं. जिओकॅशिंग कधीच सुटलं, पण डबा अजून पळसाखाली आहे. दादा फवारायला निघाला की मी काहीतरी निमित्त काढून वावरात जातो आणि जीपीएस चालू करतो. विश्वास माझा अजूनही नाहीच... पण बाण पळसाकडे वळेपर्यंत मला धड श्वास घेववत नाही.