बोटवाले काका

जेवण झालं की काका बोटीच्या कठड्यावरून ओणवे व्हायचे, तोंडात पाणी घोळवत मोठा आवाज काढायचे आणि चूळ सरळ लेकच्या पाण्यात टाकायचे. मग मिशी पुसत आमच्याकडे वळून म्हणायचे, "केवढं पाणी आहे!" खरकटं, आंब्याच्या कोयी, कागदी प्लेट्स, एकदा तर डेकवर उन्हात बसून कापलेली पायाची नखं. सगळ्याला हे एकच उत्तर.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो कुठल्यातरी गॅलरीतून खाली कचरा टाकत असेल. आमचे काका इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावात राहायचे, आमच्या मागच्याच रस्त्यावर, आणि त्यांच्याकडे बोट होती. रिटायर झाल्यावर घेतलेली. आत झोपायला बाक, छोटा ओटा, टॉयलेट, सगळं होतं. उन्हाळाभर ती व्हरमाँट राज्याच्या उत्तर भागात, एका मोठ्या लेकवरच्या मरीनामध्ये, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर असायची. दर जुलैत काका मला आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, बोलवायचे. आधी काका, मग हळूच काकूंचा फोन: "तू येते आहेस ना? तू असलीस की मला बरं वाटतं." त्या फोनमुळे मी जायची.

लेक मात्र असा की बघत राहावं. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे झाडांनी भरलेली बेटं, पाणी इतकं स्वच्छ की नांगर तळाला टेकलेला दिसायचा. आणि त्या पाण्यात काका मासे पकडायचे. खायचे नाहीत, घरात अंडंही चालत नसे. मासा हातात धरून फोटो काढायचा आणि तो बादलीत टाकून विसरून जायचं. दुपारी उन्हात बादली घाण मारायला लागली की मला उमासे यायचे. काका नाकाला रुमाल लावून ओरडायचे, "अगं, ही बादली बघ जरा!"

ही हाक काकूंना. काकूंना बोट लागायची. गालात आलेपाकाची वडी धरून, डोळे मिटून त्या कोपऱ्यात बसायच्या. धक्क्याला लागताना दोरी निसटली की काका सगळ्यांदेखत खेकसायचे, "बावळट! साधी दोरी धरता येत नाही?" टॉयलेट तुंबलं की रबरी हातमोजे घालून काकूच आत जायच्या. काका आम्हाला कौतुकाने सांगायचे, "तिलाच जमतं ते. मला बुवा किळस येते."

बोटीच्या टॉयलेटची घाण एका टाकीत साठते. ती मरीनामध्ये पंपाने काढून घ्यायची असते. लेकमध्ये सोडणं हा गुन्हा आहे. पण पंपाला रांग असते, आणि रांगेत उभं राहणं काकांच्या रक्तात नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका बेटाच्या आडोशाला आम्ही नांगर टाकला होता. शेजारच्या बोटीवरची दोन मुलं पाण्यात खेळत होती. काकू आत पोहे परतत होत्या. काका मागे गेले, काहीतरी खटकन वाजलं आणि आमच्या बोटीखालून तपकिरी ढग पसरत निघाला. आधी वास आला. मग त्या मुलांची आई किंचाळली आणि दोघांना दंड धरून वर ओढायला लागली.

"काका, काय केलंत हे! मुलं आहेत पाण्यात!"

"अगं, हळू बोल. केवढं पाणी आहे, जाईल वाहून."

पण एक म्हातारा अमेरिकन गृहस्थ छोटी नाव वल्हवत आमच्याकडे आलाच. बहुधा मुलांचा आजोबा. रागाने त्याचा चेहरा लाल झाला होता. काकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, खेदाने हसले आणि आतल्या दिशेने बोट दाखवून म्हणाले, "सॉरी सर. माय वाइफ. शी प्रेस्ड द राँग स्विच."

त्या क्षणी मला जी शिसारी आली तिच्यापुढे ते पाणी काहीच नव्हतं.

काकू दारात उभ्या होत्या, हातात उलथनं. म्हातारा त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी उलथनं खाली ठेवलं.

"नो," काकू म्हणाल्या. "ही डिड इट. ही डझ इट एव्हरी टाइम."

मग त्या आत गेल्या, गॅस बंद केला, पिशवी घेऊन आल्या आणि त्याच म्हाताऱ्याला विचारलं, बेटावर फेरीबोट थांबते तिथे सोडाल का म्हणून. तो गोंधळला, पण त्याने हात पुढे केला.

"अगं, वेडी झालीस का? लोक बघतायत!" काका म्हणाले.

काकू नावेत उतरल्या. त्यांच्यामागे मीही. निखिल मागे थांबला. बोट परत न्यायला कुणीतरी सोबत हवं होतं.

फेरीवर काकू अगदी पुढे, वाऱ्यात उभ्या राहिल्या. पलीकडचा किनारा जवळ आला तेव्हा पोटावर हात ठेवून नवलाने म्हणाल्या, "मला बोट लागली नाही गं."

तिथून त्या दूर हर्नडनला, आपल्या मुलीकडे गेल्या. परत आल्या नाहीत.

मरीनावाल्यांनी काकांना बोट काढायला लावली. ती त्यांच्या घरापुढच्या हिरवळीवर येऊन पडली, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. वर्षभराने काका आमच्याकडे आले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीवरून कुणी संसार मोडतं का? तू सांग तिला. बोट विकतो म्हणावं."

"काका, त्या म्हाताऱ्याला तुम्ही काय सांगितलंत, आठवतं?"

"अगं, तो अनोळखी माणूस! त्याला काय सांगितलं त्याचं काय एवढं?"

ते हे मनापासून म्हणत होते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून फुर्र फुर्र करत प्यायला. मला किळस आली, आणि त्याच वेळी बटणं नीट लावून द्यावीत असंही वाटलं. लावून दिली नाहीत.

बोट विकली गेली. मी काकूंना फोनवर सांगितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "जेवतात ना वेळेवर?" मी हो म्हटलं.

गेल्या वर्षी काका घर विकून पुण्याला भावाकडे गेले. त्याआधी एकदा सकाळी मी ऑफिसला जात असताना ते मला दिसले होते. बोट होती तिथलं गवत जळून लांबट पिवळा पट्टा उरला होता. काका अनवाणी त्यात उभे राहून पाईपने पाणी घालत होते, एकाच जागी, मातीचा चिखल होईपर्यंत. त्यांनी वर पाहिलं नाही. मी गाडी थांबवली नाही.